एंडोमेट्रिओसिसची शंका आणि गर्भनिरोधक गोळ्या: दुखण्यावरचा हा उपाय नीट कसा करून बघायचा

पाळीचं दुखणं नेहमीच्या वेदनाशामक गोळीला दाद देत नाही, सोनोग्राफीत काही सापडत नाही आणि डॉक्टर म्हणतात, "एंडोमेट्रिओसिस असू शकतं, तूर्त या गोळ्या घेऊन बघा." हातात पडतं ते गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट. मूल नको म्हणून घ्यायच्या गोळ्या दुखण्यावर कशा, निदान व्हायच्या आधीच औषध का, आणि 'घेऊन बघा' म्हणजे नेमकं कधीपर्यंत, हे प्रश्न बहुतेक वेळा घरी पोचल्यावर सुचतात.

गोळ्या सुरू करायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती बेमुदत, बिननोंदीच्या गोळ्यांना. काय मोजायचं आणि कोणत्या महिन्यात निर्णय घ्यायचा हे आधी ठरवलं नाही, तर अर्धवट दुखणं आणि अर्धवट आराम यांत वर्षं निघून जातात.

निदानाआधी औषध, हे चालतं का?

चालतं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशावर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, गर्भाशयामागच्या बंधांवर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर वाढतात, त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळी येण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात १९ कोटींच्या आसपास, हा आजार आहे. तरी निदानाला सरासरी ४ ते १२ वर्षं लागतात.

या उशिराचं एक कारण असं की दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून, म्हणजे लॅपरोस्कोपीने, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निदान पक्कं धरायचं नाही हाच दंडक वर्षानुवर्षं होता. मानवी प्रजनन आणि भ्रूणशास्त्र या क्षेत्रातल्या युरोपीय तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तो बदलला. लक्षणं आणि तपासणीवरून शंका आली तर आधी औषध देऊन पाहायला हरकत नाही. तपासण्यांत काही दिसत नाही, औषध लागू पडत नाही किंवा देता येत नाही, अशा वेळी लॅपरोस्कोपीचा विचार करायचा, असं त्या सांगतात. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेआधी गोळ्या लिहून दिल्या तर त्यांनी तुम्हाला टाळलं असं समजू नका.

मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा. गोळ्यांनी दुखणं थांबलं म्हणून एंडोमेट्रिओसिस सिद्ध होत नाही, कारण कोणताही आजार नसताना होणारी पाळीची पोटदुखीही याच गोळ्यांनी कमी होते. आणि दुखणं थांबलं नाही म्हणून तो आजार नाही असंही ठरत नाही. गोळी हा उपचार आहे, ती चाचणी नव्हे. "गोळ्यांनी फरक पडला नाही, म्हणजे तुम्हाला काही नाही" असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

गोळी आत काय करते

'पाळीच्या त्रासावर गर्भनिरोधक गोळी' ही नंतर सुचलेली पळवाट आहे असं अनेकींना वाटतं. इतिहास उलटा आहे. एनोव्हिड या पहिल्या गोळीला अमेरिकेत १९५७ साली मंजुरी मिळाली ती पाळीच्या तक्रारींसाठी. गर्भनिरोधक म्हणून तिला १९६० मध्ये मान्यता मिळाली. मधल्या काळात, १९५८ साली, रॉबर्ट किस्टनर यांनी एंडोमेट्रिओसिसमध्ये अशीच संप्रेरकं सलग देऊन गर्भारपणासारखी अवस्था निर्माण करायचा उपचार मांडला होता. आज डोस कितीतरी पटींनी कमी झाले आहेत, विचार तोच आहे.

नेहमीच्या संयुक्त गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन ही दोन संप्रेरकं असतात. त्यांच्यामुळे बीज बाहेर पडत नाही, गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं आणि वेदना व पोटात पेटके आणणारी प्रोस्टाग्लँडिन द्रव्यं कमी तयार होतात. बाहेर वाढलेल्या पेशींनाही दर महिन्याचं उत्तेजन मिळत नाही, त्यामुळे तिथली सूज उतरते.

गोळीला काय जमत नाही तेही सांगतो. आत चिकटलेले अवयव ती सोडवत नाही. बीजकोशात झालेली चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, तिने नाहीशी होईल अशी आशा धरू नये. आजार मुळापासून जात नाही, गोळी थांबवली की दुखणं परत येऊ शकतं. खोलवर रुजलेला आजार क्वचित दुखणं कमी असतानाही आतून वाढतो. म्हणून गोळी लागू पडली तरी तपासण्या थांबवायच्या नसतात.

पायरी पहिली: गोळीच्या आधी नोंद आणि तपासणी

शक्य असेल तर गोळी सुरू करण्याआधी एका पाळीची नोंद ठेवा. दुखणं फारच असेल तर मागच्या दोन पाळ्या आठवून लिहा, तेवढ्यासाठी महिनाभर सोसत बसायची गरज नाही. रोज एक ओळ पुरते: दुखणं ० ते १० मध्ये किती, कुठे, वेदनाशामक किती घेतल्या, कोणतं काम सोडावं लागलं. याशिवाय तीन प्रश्नांची उत्तरं आवर्जून लिहा, कारण ती डॉक्टर विचारायला विसरतात आणि बाया सांगायला संकोचतात. शौचाला होताना दुखतं का, विशेषतः पाळीत? लघवी करताना किंवा मूत्राशय भरल्यावर दुखतं का? संबंधांच्या वेळी आत खोलवर दुखतं का, आणि ते दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळतं का? पाळीच्या तारखांशी हे त्रास जुळत असतील तर शंका बळावते.

तपासण्यांत रक्तदाब आणि वजन, गरज असेल तर गर्भधारणेची चाचणी, आणि सोनोग्राफी एवढ्या तरी व्हाव्यात. योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी पोटावरून केलेल्यापेक्षा जास्त दाखवते, पण ती कोण करतंय याला फार महत्त्व आहे. एंडोमेट्रिओसिस पाहण्याचा सराव असलेल्या डॉक्टरांना जे दिसतं ते इतरांच्या नजरेतून निसटतं. 'नॉर्मल' अहवालाचा अर्थ सिस्ट किंवा मोठी गाठ दिसली नाही इतकाच. ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावरचे आजाराचे छोटे ठिपके सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाहीत. खोल आजाराची शंका असेल तर त्याच वेळी मूत्रपिंडंही पाहून घ्यायला सांगा, कारण मूत्रवाहिनीवर दाब येऊन मूत्रपिंड सुजलं तरी कधीकधी कळ येत नाही.

पायरी दुसरी: ही गोळी मला चालेल का

ही पायरी गाळून मैत्रिणीचीच गोळी सुरू करणाऱ्या पुष्कळ जणी असतात. दुखणं सारखं असलं तरी शरीरं सारखी नसतात. इस्ट्रोजेन असलेली संयुक्त गोळी पुढच्या परिस्थितीत सहसा देत नाहीत:

- वय ३५ किंवा जास्त आणि धूम्रपान
- ऑरासह मायग्रेन, म्हणजे डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा येणं, दृष्टीचा काही भाग गायब होणं, हात किंवा चेहरा बधिर होणं
- पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असणं, किंवा रक्त लवकर गोठण्याचा आनुवंशिक दोष
- रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर राहणं
- हृदयविकार, पक्षाघात, यकृताचा गंभीर आजार किंवा स्तनाचा कर्करोग
- बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे

ऑराचा मुद्दा मुद्दाम ठळक करतो, कारण "मायग्रेन आहे का" असं विचारल्यावर अनेकजणी "कधीकधी डोकं दुखतं" एवढंच सांगतात आणि चमकत्या रेषांचा उल्लेख राहून जातो. ऑरा असताना संयुक्त गोळीने पक्षाघाताचा धोका वाढतो. तुम्हाला असं काही होत असेल तर कुणी विचारायची वाट न बघता सांगा.

चालू औषधांची यादीही द्या. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, टोपिरामेट ही औषधं गोळीचा परिणाम कमी करतात. लॅमोट्रिजिनचं उलटं आहे. संयुक्त गोळीमुळे त्याची रक्तातली पातळी घसरते आणि फिट येऊ शकते.

आता गुठळीची भीती. ती निराधार नाही, पण आकड्यांत पाहिलेली बरी. युरोपीय औषध नियामकांच्या आकडेवारीनुसार, गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० स्त्रियांपैकी वर्षभरात साधारण २ जणींना गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेल्या संयुक्त गोळीवर हे प्रमाण ५ ते ७, आणि डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रोस्पिरेनोन असलेल्या गोळीवर ९ ते १२ होतं. गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर धोका याहून जास्त असतो. पहिल्या वर्षात, तसंच चार आठवडे किंवा अधिक खंड पडून पुन्हा सुरू केल्यावर तो वाढलेला असतो. म्हणून उगाच थांबव-सुरू कर असं करू नये.

पायरी तिसरी: कोणती गोळी

पाकिटावरच्या नावापेक्षा मागची बारीक अक्षरं वाचा. इथिनाइल इस्ट्रॅडिऑल २०, ३० की ३५ मायक्रोग्रॅम, आणि सोबत प्रोजेस्टोजेन कोणतं, हे तिथे लिहिलेलं असतं. एंडोमेट्रिओसिसच्या दुखण्यावर अमुक एक संयुक्त गोळी बाकीच्यांहून सरस आहे असं ठरलेलं नाही. गुठळीच्या धोक्याचा विचार करून लेव्होनॉरजेस्ट्रेलवाली गोळी आधी देऊन पाहणं मला पटतं. २० मायक्रोग्रॅमच्या गोळीवर अधूनमधून डाग लागण्याचा त्रास थोडा जास्त असतो. ड्रोस्पिरेनोनवाली गोळी घेणाऱ्यांसाठी एक खास सूचना आहे. या घटकाने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं आणि आयब्युप्रोफेनसारखी औषधं रोज, दीर्घकाळ घेतली तर त्यात भर पडते. पोटदुखीसाठी तुम्ही दोन्ही घेणार असाल तर डॉक्टरांना तसं सांगून ठेवा.

इस्ट्रोजेन चालत नसेल तर केवळ प्रोजेस्टोजेनचा मार्ग असतो. रोज २ मिलिग्रॅम डायनोजेस्ट ही गोळी एंडोमेट्रिओसिससाठीच वापरली जाते. नॉरएथिस्टेरॉन, म्हणजे पाळी पुढे ढकलण्यासाठी जी घेतात तीच, ठरावीक डोसमध्ये रोज दिली जाते. डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅम हा आणखी एक पर्याय. शंका मुळात इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या आजाराची असल्यामुळे काही तज्ज्ञ सुरुवातच यांच्यापासून करतात, आणि त्यात तथ्य आहे. सावधगिरी एवढीच की २ मिलिग्रॅम डायनोजेस्टवर गर्भनिरोधक म्हणून विसंबू नये, निरोध वगैरे वेगळा उपाय ठेवावा. रोज गोळी लक्षात ठेवणं जमत नसेल तर गर्भाशयात बसवायची साधनंही आहेत, ज्यांत तांबं नसतं, तर ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं आणि ते हळूहळू सुटत राहतं.

संबंधांनंतर घ्यायची आपत्कालीन गोळी या सगळ्यात मोडत नाही. तिचा या दुखण्याशी काही संबंध नाही.

पायरी चौथी: घ्यायची कशी

पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर संयुक्त गोळी गर्भनिरोधक म्हणून लगेच लागू होते. गर्भधारणा नाही याची खात्री असेल तर इतर दिवशीही सुरू करता येते, फक्त पुढचे सात दिवस निरोध वापरायचा. वेळ ठरवून मोबाइलवर गजर लावा. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतरची वेळ बरी पडते.

खरा मुद्दा पुढे आहे. पाकिटावर '२१ दिवस गोळी, ७ दिवस सुट्टी' अशी पद्धत दिलेली असते. २८ गोळ्यांच्या पाकिटात शेवटच्या वेगळ्या रंगाच्या गोळ्यांत औषध नसतं. त्या सुट्टीत जो रक्तस्राव होतो ती खरी पाळी नव्हे, संप्रेरक थांबल्यामुळे झालेला स्राव आहे, आणि तो दर महिन्याला झालाच पाहिजे अशी शरीराची कोणतीही गरज नाही. "पाळी आली नाही तर घाण आत साठते" ही भीती इथे लागू होत नाही, कारण अस्तर पातळच राहतं, साठायला काही नसतं. आणि तुमचं दुखणं नेमकं या रक्तस्रावाच्या दिवसांतलं असेल तर दर महिन्याला ते ओढवून घ्यायचं कशाला?

म्हणून एंडोमेट्रिओसिसच्या शंकेत गोळ्या सलग घेण्याचा सल्ला बरेचदा दिला जातो. एक पाकीट संपलं की सुट्टी न घेता, बिनऔषधी गोळ्या बाजूला ठेवून, दुसरं सुरू करायचं. काहीजणी तीन पाकिटं सलग, म्हणजे ६३ दिवस, घेऊन मग थांबतात. मला लवचीक पद्धत सर्वांत व्यवहारी वाटते. किमान २१ दिवस गोळी झाल्यावर, सलग तीन-चार दिवस रक्तस्राव होईल तेव्हाच चार दिवस थांबायचं आणि पाचव्या दिवशी, स्राव चालू असला तरी, पुन्हा सुरू करायचं. सुट्टी सात दिवसांच्या पुढे कधीच जाऊ द्यायची नाही. पाकिटातल्या औषधी गोळ्यांचे रंग वेगवेगळे असतील, म्हणजे आठवड्यागणिक डोस बदलत असेल, तर सलग घेण्याआधी विचारून घ्या. सलग पद्धत एक डोस असलेल्या गोळ्यांना सोयीची.

गोळी विसरली तर? एकच विसरली असेल तर आठवताक्षणी घ्या, पुढची ठरल्या वेळी, मग एका दिवशी दोन झाल्या तरी चालेल. दोन किंवा जास्त राहिल्या असतील तर शेवटची चुकलेली तेवढी घ्या, बाकीच्या सोडून द्या, आणि सात दिवस निरोध वापरा. घेतल्यापासून तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्या. हे नियम संयुक्त गोळीचे आहेत. केवळ प्रोजेस्टोजेनच्या गोळ्यांचे वेगळे असतात, ते त्या पाकिटात बघा.

पायरी पाचवी: पहिले तीन महिने

मळमळ, स्तन दुखरे होणं, डोकेदुखी आणि मधूनच डाग लागणं या तक्रारी सुरुवातीला बऱ्याच जणींना होतात आणि तीन महिन्यांत बहुधा निवळतात. सलग पद्धतीत डाग सहा महिन्यांपर्यंतही रेंगाळू शकतात. डाग लागले म्हणजे गोळी 'लागू पडत नाही' असं नव्हे. याच टप्प्यावर सर्वाधिक जणी गोळी सोडतात, तीही फायदा दिसायच्या बेतात असताना. मनःस्थितीचं मात्र वेगळं. उदासी, चिडचिड, कशातच रस न वाटणं असं ठळक काही जाणवलं तर तीन महिने पूर्ण करायच्या हट्टाला पेटू नका. डॉक्टरांना कळवा, गोळी बदलता येते.

वेदनाशामक या काळात सोबत चालतात. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा या औषधांनी उसळणारा दमा नसेल, तर आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन किंवा मेफेनॅमिक अॅसिड खाल्ल्यानंतर घेता येतं. कळ असह्य होईपर्यंत थांबू नका. चाहूल लागताच घेतलेली गोळी जास्त काम करते, कारण ती प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखते. रक्तदाब तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासा.

एका पोटरीत दुखणं व सूज, छातीत कळ किंवा अचानक धाप, कधी नव्हे इतकी तीव्र डोकेदुखी, दृष्टी जाणं, बोलणं अडखळणं, शरीराची एक बाजू लुळी पडणं, यांपैकी काहीही झालं तर गोळी थांबवून त्याच क्षणी रुग्णालय गाठा. गोळी घेत असल्याचं तिथे पहिल्या वाक्यात सांगा. पाय प्लास्टरमध्ये असेल किंवा मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधीच कळवा.

पायरी सहावी: तिसऱ्या महिन्याचा हिशोब

जुनी नोंद आणि नवी नोंद शेजारी ठेवा. "थोडं बरं वाटतं" या शब्दांवर निर्णय घेऊ नका. आठावरचं दुखणं तिनावर आलं का, वेदनाशामक कमी झाल्या का, दुखण्यापायी कामावर घ्याव्या लागणाऱ्या सुट्ट्या थांबल्या का, ते बघा.

चांगला फरक असेल तर गोळी चालू ठेवा. अमुक वर्षांनी 'शरीराला विश्रांती' म्हणून बंद करायची गरज नसते. रक्तदाब आणि धोक्याचे मुद्दे वर्षातून एकदा तपासून घ्या. गोळी चालू असताना स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या व बीजकोशाच्या कर्करोगाचा कमी होतो. घरात कुणाला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर ही चर्चा सविस्तर करा.

फरक अर्धाच असेल तर उरलेलं दुखणं कोणतं ते नीट ओळखा. सुट्टीच्या दिवसांतलं असेल तर सलग पद्धतीवर या. रोजचंच, पाळीशी न जुळणारं असेल तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले असणं, आतड्याचा किंवा मूत्राशयाचा त्रास ही कारणं तपासावी लागतात. वर्षानुवर्षं दुखणं सोसलेल्या शरीरात स्नायू असे आखडतात आणि कोणतंही संप्रेरक त्यांना सैल करत नाही. तिथे त्या विषयातल्या फिजिओथेरपिस्टची मदत होते.

तीन महिन्यांत काहीच फरक नसेल तर फार तर एकदा गोळी बदलून पाहा. सहा महिन्यांनंतरही फरक नसेल तर तिसरा-चौथा ब्रँड शोधत बसण्यात अर्थ नाही. एंडोमेट्रिओसिसवर काम करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन एमआरआय, लॅपरोस्कोपी किंवा पुढच्या औषधांचा विचार करायचा तो याच वेळी. मोठी सिस्ट, मूत्रपिंडाला सूज, शौचातून पाळीच्या वेळी रक्त किंवा आतडं अडल्याची लक्षणं असतील तर सहा महिनेसुद्धा थांबू नये.

मूल हवं असेल तेव्हा

गोळीने पुढे मूल होण्यात अडथळा येत नाही. संयुक्त गोळी थांबवल्यावर बीज तयार होणं बहुतेकींत एक ते तीन महिन्यांत सुरू होतं. पण एंडोमेट्रिओसिसमुळे मूल राहत नसेल तर ते गोळीने सुधारत नाही, उलट गोळी चालू आहे तोवर प्रयत्नच थांबलेले असतात. "मूल झालं की दुखणं जाईल" या सल्ल्यावरही विसंबू नका. गर्भारपणात आराम पडला तरी नंतर दुखणं परतू शकतं. गोळी थांबवायच्या आधीच फॉलिक अॅसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज सुरू करा, आणि थांबवल्यावर कळा परतल्या तर कोणती वेदनाशामक घ्यायची ते विचारून ठेवा, कारण बीज बाहेर पडण्याच्या सुमारास आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या टाळायला सांगतात. वर्षभर प्रयत्न करून मग डॉक्टरांकडे जा, हा सर्वसाधारण नियम तुमच्यासाठी नाही. एंडोमेट्रिओसिसची शंका असेल तर सहा महिन्यांतच, आणि वय ३५ च्या पुढे असेल तर प्रयत्न सुरू करतानाच तपासणीला जा.